पाश्चर यांचं वाईनवरचं एक वाक्य

लुई पाश्चर म्हटलं की आपल्याला पिसाळलेल्या कुत्र्यावरची लस आठवते, नाहीतर दुधाची पिशवी. पण त्यांच्या कामाचा उगम वाईनच्या पिंपात आहे, आणि नंतरची अठ्ठावीसेक वर्षं ते या ना त्या वाटेने आंबण्याच्या गोष्टीकडेच वळत राहिले. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. त्यांचे लेख मी इतक्या वेळा वाचले आहेत की एखाद्या प्रयोगापाशी त्यांनी पुढे काय केलं असेल हे आधीच कळतं. तरीही त्यांनी वाईनबद्दल लिहिलेलं एक वाक्य मला अनेक वर्षं सोडत नाही. त्या वाक्यापर्यंत पोचायचं तर आधी पिंपापाशी जायला हवं.

वाईन मुरताना पिंपाला आतून खर चढतो. त्यापासून टार्टारिक आम्ल मिळतं. १८४८ साली, पंचवीस वर्षांचे असताना, पाश्चर यांनी या आम्लाच्या एका जुळ्या भावंडाच्या क्षाराचे स्फटिक नीट निरखले, तर त्यांत दोन प्रकार दिसले. डाव्या आणि उजव्या हातासारखे, एकमेकांची आरशातली प्रतिमा. चिमट्याने एकेक वेचून त्यांनी दोन ढीग केले, वेगवेगळे पाण्यात विरघळवले. एका द्रावणाने ध्रुवित प्रकाशाची, म्हणजे एकाच पातळीत कंप पावणाऱ्या प्रकाशाची, पातळी उजवीकडे वळवली, दुसऱ्याने तेवढीच डावीकडे. तेव्हापासून त्यांच्या मनाने घेतलं की असा एकाच बाजूला कललेला पदार्थ जिथे सापडेल तिथे मागे काहीतरी जिवंत असणार.

आंबण्याच्या प्रश्नात ते शिरले ते याच ध्यासाने, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दारू गाळताना जो अमाइल अल्कोहोल मिळतो तोही अशा प्रकाशाची पातळी वळवतो हे त्यांना दिसलं होतं. त्यामुळे साखरेची दारू होण्यामागे जिवंत काहीतरी आहे असा त्यांचा संशय आधीपासूनच होता. १८५४ साली ते फ्रान्समधल्या लील शहराच्या विज्ञान विद्याशाखेचे प्रमुख झाले. १८५६ मध्ये बिगो नावाचे एक कारखानदार त्यांच्याकडे आले. बिटाच्या रसापासून अल्कोहोल करणाऱ्या त्यांच्या टाक्यांपैकी काही आंबट पडत होत्या. पाश्चर कारखान्यात जाऊ लागले, टाक्यांतले नमुने आणून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवू लागले. चांगल्या टाकीत यीस्टच्या गोल पेशी होत्या, बिघडलेल्या टाकीत त्यांच्याबरोबर बारीक लांबट काहीतरी.

१८५७च्या ऑगस्टमध्ये त्यांनी लीलच्या विज्ञान मंडळात जो निबंध वाचला तो मात्र दारूवर नव्हता. दूध ज्यामुळे आंबट होतं त्या लॅक्टिक आम्लावर होता. म्हणजे आपल्या विरजणाच्या गोष्टीवर. असं लॅक्टिक आम्लाचं आंबणं चाललेल्या भांड्यात तळाशी खडूची भुकटी असते, आणि तिच्यावर कुठे कुठे करडा थर दिसतो. इतरांनी तो पाहिला नव्हता असं नाही, पण बघून सोडून दिला होता. पाश्चर यांनी त्यातला कणभर उचलला, यीस्ट उकळून काढलेल्या स्वच्छ पाण्यात साखर आणि खडू मिसळून त्यात टाकला. दुसऱ्या दिवशी ते फसफसू लागलं, खडू विरू लागला, आणि करडा पदार्थ वाढला. विरजण लावताना आपल्या घरातल्या बायका जे रोज करत आल्या आहेत तेच हे. फरक एवढाच की पाश्चर यांनी जे लावलं ते शक्य तितकं निखळ केलं, आणि लावल्यावर नेमकं काय वाढतं ते पाहिलं.

त्या काळात हे म्हणणं धाडसाचं होतं. यीस्ट जिवंत आहे असं १८३७च्या सुमारास तिघांनी वेगवेगळं सांगितलं होतं: फ्रान्सच्या कान्यार-लातूर यांनी, जर्मनीत श्वान आणि क्युत्सिंग यांनी. त्यावर लीबिग आणि व्योलर या रसायनशास्त्रातल्या दोन दिग्गजांनी १८३९ साली आपल्याच नियतकालिकात निनावी टवाळी छापली. साखर खाऊन मागून दारू सोडणारे इवलेसे प्राणी आम्हाला दिसले, अशी. लीबिग यांचं मत होतं की सडणाऱ्या पदार्थातली हालचाल साखरेच्या रेणूला धक्का देते आणि तो फुटतो, जीव वगैरे काही नाही. १८६०च्या मोठ्या निबंधात पाश्चर यांनी याला जे उत्तर दिलं ते अजूनही वाचताना अंगावर काटा येतो. साखरेचं पाणी, अमोनियाचा एक क्षार, यीस्ट जाळून उरलेली राख, आणि चिमूटभर जिवंत यीस्ट. सडण्यासारखं प्रथिन त्यात जवळजवळ नाहीच. तरी साखर आंबली आणि यीस्ट वाढलं. शिवाय त्यांनी हिशेब केला. साखरेचे केवळ अल्कोहोल आणि कार्बन डायॉक्साइड होतात असं लाव्हाझिएपासूनचं समीकरण सांगत होतं. पाश्चर यांना १०० भाग साखरेमागे तीनेक भाग ग्लिसरीन सापडलं, थोडं सक्सिनिक आम्ल सापडलं, आणि काही साखर यीस्टच्या अंगी लागलेली सापडली. नुसत्या रासायनिक फुटीत एवढा पसारा होत नाही. इथे कोणीतरी जेवत होतं.

(पुढे १८९७ साली बुखनर यांनी यीस्ट वाळूत घोटून त्याचा रस काढला आणि पेशी नसलेल्या त्या रसानेही साखर आंबवून दाखवली. त्यासाठी त्यांना १९०७चं नोबेल मिळालं. म्हणजे लीबिग यांच्या म्हणण्यातही एक धागा खरा होता. पाश्चर तेव्हा हयात नव्हते. असते तर भांडले असते, हे नक्की.)

मग १८६३ आलं. फ्रेंच वाईन परदेशी पोचेपर्यंत कडू, आंबट किंवा तार सुटल्यासारखी बुळबुळीत होत होती आणि व्यापार बुडत होता. सम्राट तिसऱ्या नेपोलियननी पाश्चर यांना यात लक्ष घालायला सांगितलं. ते आपल्या लहानपणच्या गावी, आर्ब्वाला गेले. द्राक्षमळ्यांचं गाव, वडिलांचा चामडं कमावण्याचा धंदाही तिथलाच. गावातच जागा घेऊन प्रयोगशाळा थाटली. बिघडलेल्या प्रत्येक वाईनच्या गाळात त्यांना वेगळा जीव दिसला. उपाय साधा निघाला: वाईन ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत थोडा वेळ तापवायची, म्हणजे हे जीव मरतात आणि चव फारशी बदलत नाही. १८६५ साली त्याचं पेटंट घेतलं, १८६६ साली वाईनवरचा ग्रंथ आला. त्याच ग्रंथात ते वाक्य आहे. वाईन हे सर्व पेयांत सर्वाधिक आरोग्यदायी, सर्वाधिक स्वच्छ पेय मानायला हरकत नाही, अशा अर्थाचं.

या वाक्यावर आज रागावणं सोपं आहे. पण मला ते ज्या वर्षी छापलं गेलं ते वर्ष आठवतं. पाश्चर यांची थोरली मुलगी जान १८५९ साली आर्ब्वाला टायफॉइडने गेली, नऊ वर्षांची. दोन वर्षांची कामी १८६५ मध्ये गेली. आणि १८६६ मध्ये, ग्रंथ निघाला त्याच वर्षी, बारा वर्षांची सेसिल टायफॉइडनेच गेली. टायफॉइडचा जिवाणू कोणाला दिसायला अजून चौदा वर्षं होती. पाण्यातून रोग येतो हे लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये दाखवलं होतं, पण ते सर्वमान्य झालं नव्हतं. शहरांच्या विहिरी आणि नद्या मैलापाण्याने भरलेल्या. अशा जगात आम्ल आणि अल्कोहोल असलेली वाईन पाण्यापेक्षा निर्धोक होती, हे खरंच आहे. त्या वाक्यामागे एक बाप उभा आहे असं मी म्हणत नाही. तसं त्यांनी कुठे लिहिलेलं मी वाचलेलं नाही. मी एवढंच म्हणते की ‘स्वच्छ’ या शब्दाला त्या घरात, त्या वर्षी, फार वजन होतं.

तरी त्या ग्रंथातले प्रयोग पाहा. सगळे वाईनवर आहेत. कोणत्या वाईनमध्ये कोणता जीव वाढला, कोणत्या तापमानाला मेला, बाटली किती महिन्यांनी उघडली. वाईन पिणाऱ्या माणसाचं काय झालं, हा प्रश्न त्यांनी प्रयोगशाळेत विचारलेलाच नाही. वाईनचं आरोग्य त्यांनी तपासलं आणि निकाल पिणाऱ्याच्या आरोग्याचा दिला. नंतर पाश्चर यांच्या खाजगी वह्यांवरून बराच वाद झाला. त्या सुमारे शंभर वह्या कोणाला दाखवू नका असं त्यांनी घरच्यांना बजावलं होतं. नातवाने १९६४ साली त्या फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिल्या, आणि १९९५ मध्ये इतिहासकार जेराल्ड गायसन यांनी त्यांतून अँथ्रॅक्सच्या लशीबाबतची लपवाछपवी बाहेर काढली. त्या वादात मी पडत नाही. वाईनच्या बाबतीत वह्या चाळायचीही गरज नाही. छापील ग्रंथच सगळं सांगतो.

पुढे ते वाक्य ग्रंथातून सुटलं आणि स्वतःच्या पायांनी चालू लागलं. १८४९ साली स्वीडनचे डॉक्टर मॅग्नस हुस यांनी दारूच्या आजाराला नाव दिलं होतं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्येही दारूविरोधी चळवळ उभी राहिली. पण तिथे गुन्हेगार ठरली ती गाळलेली दारू, त्यातही आब्सांथ. वाईन, बिअर आणि सायडर यांना ‘आरोग्यदायी पेयं’ असं सरकारी भाषेतच नाव होतं. १९१५ मध्ये आब्सांथवर बंदी आली, वाईन राहिली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात वाईनच्या जाहिरातींवर पाश्चर यांचं वाक्य झळकत होतं. शाळेतली मुलं जेवणाबरोबर वाईन पीत. चौदा वर्षांखालच्या मुलांना शाळेच्या खाणावळीत वाईन देणं बंद व्हायला १९५६ साल उजाडलं. नव्वद वर्षं, एका वाक्याला.

आपल्याकडेही हा युक्तिवाद जसाच्या तसा येऊन गेला आहे. २०२२च्या जानेवारीत महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य टीव्हीवर दिवसातून किती वेळा ऐकू आलं ते आठवत असेल. नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला चार पैसे मिळावेत ही इच्छा मला समजते. पाऊस अवेळी पडला की त्याच्यावर काय ओढवतं तेही मी पाहिलं आहे. पण शेतकऱ्याची बाजू घ्यायची तर ती शेतकऱ्याची म्हणून घ्यावी. रेणू बदलत नाही. वाईनमधलं अल्कोहोल, देशीतलं अल्कोहोल आणि मोहाच्या दारूतलं अल्कोहोल हे एकच रसायन आहे, कमी-जास्त पाण्यातलं.

माझे मामा यकृताच्या आजाराने गेले. शेवटच्या दिवसांत डॉक्टरांनी मामीला विचारलं, “किती घेतात?” मामी म्हणाली, “साहेब, तसली नाही हो घेत ते. सीलबंद बाटलीतलीच घेतात.” तिच्या आवाजात लाज नव्हती. नवऱ्याची बाजू मांडण्याचा अभिमान होता. आणि तिचं भय खोटं नव्हतं. हातभट्टीत मिथेनॉल शिरलं तर काय होतं हे आपण २०१५च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणी भागात पाहिलं, शंभराहून जास्त माणसं गेली. मामीच्या लेखी दारूचे दोन प्रकार होते, विषारी आणि चांगली, आणि सील हा चांगलीचा पुरावा होता. पाश्चर यांच्या वाक्याने युरोपला जे शिकवलं तेच ती बोलत होती. तिने त्यांचं नाव ऐकलं असेल तर दुधाच्या संदर्भात.

यीस्ट साखरेपासून अल्कोहोल करतं त्यातली शेवटची पायरी मी वर्गात फळ्यावर सावकाश लिहिते. असेटाल्डिहाइड नावाच्या पदार्थाचं अल्कोहोल होतं, आणि हे करणारं विकर (एन्झाइम) म्हणजे अल्कोहोल डीहायड्रोजनेज. मग बाण उलटा काढते. आपल्या यकृतात त्याच नावाचं विकर आहे आणि ते नेमकी तीच पायरी उलट चढतं: प्यालेल्या अल्कोहोलचं पुन्हा असेटाल्डिहाइड करतं. यीस्टने जे विष पुढे ढकलून आपली सुटका केली, ते आपण आपल्या पेशींत परत तयार करतो. असेटाल्डिहाइड डीएनएला चिकटतं, त्याची मोडतोड करतं. त्याचं पुढे निरुपद्रवी असेटेट होतं, पण मधल्या वेळात जे व्हायचं ते होतं. द्राक्ष उत्तम होतं का, पिंप ओकचं होतं का, बाटली तापवून निर्जंतुक केली होती का, हे यकृताला कळत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच अल्कोहोलयुक्त पेयांना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं.

आणि तरीही, तीनच वर्षांनी, १९९१च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या टीव्हीवर ‘फ्रेंच विरोधाभास’ अवतरला. फ्रेंच माणसं चीज-लोणी खातात तरी त्यांना हृदयरोग कमी, कारण रेड वाईन. पुढच्या वर्षी सर्ज रेनो यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. अमेरिकेत रेड वाईनची विक्री झपाट्याने वाढली. इथे निदान प्रश्न माणसाला विचारला होता, पण तुलना कोणाशी हे नीट पाहिलं नव्हतं. ब्रिटनच्या जेराल्ड शेपर यांनी १९८८ मध्येच दाखवलं होतं की ‘न पिणाऱ्यां’च्या गटात आजारपणामुळे पिणं सोडलेली माणसं मिसळलेली असतात. त्यांच्याशेजारी बेताने पिणारा ठणठणीतच दिसणार. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या जानेवारीत स्पष्ट केलं की आरोग्याला धोका नाही असं अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण सांगता येत नाही.

पाश्चर यांच्या तापवण्याने माणसांचं आरोग्य खरोखर सुधारलं, पण ते वाईनमधून नाही. १८८६ साली जर्मनीचे फ्रान्स फॉन झॉक्सलेट यांनी ही युक्ती तान्ह्या मुलांच्या दुधाला लावायला सुचवलं. व्यापाऱ्यांचा माल वाचवायला काढलेली पद्धत दुधात गेली आणि तिथे मुलं वाचली. हे सांगताना मला पाश्चर यांच्याबद्दल अतिशय प्रेम दाटून येतं.

विरजणाचं पुढे काय झालं? १८८८ साली इल्या मेचनिकॉफ पाश्चर संस्थेत आले. पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे शोधणारे. १९०८च्या नोबेलचे एक मानकरी. (मुंबईत १८९७ साली प्लेगची लस करणारे हाफकिन हे त्यांचेच विद्यार्थी, परळच्या संस्थेला ज्यांचं नाव आहे ते.) मेचनिकॉफ यांचं म्हणणं, म्हातारपण मोठ्या आतड्यातल्या कुजण्यातून येतं. दह्यातले जिवाणू आम्ल करतात, आम्लाने कुजणं थांबतं, म्हणून दही खा आणि दीर्घायुषी व्हा. बल्गेरियातले दीर्घायुषी शेतकरी हा त्यांचा दाखला. स्टामेन ग्रिगोरोव यांनी १९०५ मध्ये बल्गेरियन दह्यातला जिवाणू वेगळा काढलाच होता. युरोपभर दह्याच्या गोळ्या विकल्या जाऊ लागल्या. स्वतः मेचनिकॉफ वर्षानुवर्षं आंबट दूध पीत राहिले आणि १९१६ मध्ये एकाहत्तराव्या वर्षी हृदयविकाराने गेले. नंतर अमेरिकेत लिओ रेटगर यांनी दाखवलं की तो बल्गेरियन जिवाणू आतड्यात मुक्काम करतच नाही. एकाच संस्थेतली दोन थोर माणसं. एकाने वाईनवरून, दुसऱ्याने दह्यावरून, भांड्यातल्या निरीक्षणाची उडी थेट आयुष्यावर मारली.

पण दह्याची गोष्ट रेटगर यांच्यापाशी संपली नाही. वाईनचा दावा तपासता तपासता ढासळला. आंबवलेल्या अन्नाचा दावा तपासल्यावर निराळ्या रूपात थोडा उभा राहिला. २०२१ साली स्टॅनफर्डमध्ये ३६ निरोगी माणसांचे दोन गट केले. एका गटाने दहा आठवडे तंतुमय अन्न वाढवलं, दुसऱ्याने दही, केफिर, किमची, काँबुचा असं आंबवलेलं अन्न. दुसऱ्या गटाच्या आतड्यातल्या जिवाणूंचं वैविध्य वाढलं आणि रक्तातली दाह दाखवणारी १९ प्रथिनं घटली. ३६ माणसं म्हणजे काही फार नव्हेत, आणि यातून कोणाचं आयुष्य वाढलं असं कोणी म्हटलेलं नाही. पण इथे भांड्याऐवजी खाणाऱ्याला विचारलं गेलं.

हा प्रयोग वर्गात सांगितला की कोणी ना कोणी विचारतंच, “मॅडम, आपलं ताक? आंबील?” मी उत्तर देत नाही. फळ्याच्या एका बाजूला पाश्चर यांचं वाक्य असतं, दुसरी बाजू मी मोकळी सोडते आणि खडू मुलांच्या हाती देते. मागच्या वेळी त्यांनी लिहिलं ते असं: ताक किती, रोज की एक दिवसाआड. घरचं की पिशवीतलं. ताक न पिणारे कोण निवडायचे, आणि ते का पीत नाहीत हे आधी विचारायचं. मोजायचं काय, भांड्यातले जिवाणू की पोटातले. एका मुलीने शेवटी आणखी एक ओळ घातली: पैसे कोण देणार, डेअरी असेल तर ते लिहायचं.